किरणचा पंख तिरका फिरवला तर? : एक काल्पनिक प्रायोगिक विमान, १:४८, सागवानात

पटाशी

मंडळी, नमस्कार. गेले तीन महिने रात्रीचं जेवण झालं की माडीवर बसून एक विमान घडवतोय. असं विमान कुणी बांधलेलं नाही, ते कुठं उडालेलं नाही. पण बांधायला घेतलं असतं तर कसं बांधावं लागलं असतं, हे शोधत शोधत मी त्याचा एकेक भाग करतोय. आता एका जागी अडलोय, म्हणून हा धागा.

माझा धंदा पॅटर्नचा. उद्यमनगरात फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरून घेतात तो नमुना, करून देतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बीडाचं ओतकाम थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडं वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा किंचित लांब. वीस वर्षं ती पट्टी वापरल्यावर १:४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, हे माप मला परकं वाटलं नाही. पट्टी तेवढी बदलली.

आता विमान कुठलं ते. आपल्या जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू गाव आहे. तिथले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला हा माणूस. पुढं बंगळुरात त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि १९५१ मध्ये उडालं. किरण हे जेट शिकाऊ विमानही त्यांच्याच चमूचं, पहिलं उड्डाण ४ सप्टेंबर १९६४. सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी विमानं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलीत, १९९६ ला पथक सुरू झालं ते किरणवरच. एवढं असून कोल्हापुरात दहा जणांना घाटगे कोण म्हणून विचारलं तर नऊ जण गप्प बसतात. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून ठरवलं, विमान करायचं तर किरणच्या अंगावरच करायचं.

दुसरी गोष्ट तिरक्या पंखाची. अमेरिकेत रॉबर्ट टी. जोन्स म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी ही कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली. एक फळी मधोमध खिळ्यावर बसवलीय असं समजा. चढताना-उतरताना ती आडवी, म्हणजे साध्या विमानासारखी. वेग वाढला की फिरवायची, एक टोक पुढं आणि दुसरं मागं. सरळ पंख कमी वेगाला चांगली उचल देतो, तिरका पंख जास्त वेगाला हवेचा अडथळा कमी करतो. एकाच पंखात दोन्ही मिळतात. दोन्ही पंख मागं नेणाऱ्या विमानांत दोन बिजागऱ्या लागतात आणि पंख मागं गेले की उचलही मागं सरकते. इथं बिजागरी एकच, आणि एक बाजू जेवढी पुढं जाते तेवढीच दुसरी मागं, त्यामुळं तोल फारसा हलत नाही.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. नासानं एडी-१ नावाचं छोटं विमान बांधलं, फोमवर फायबरग्लास चढवून. मूळ आकार नासानं बोइंगच्या अभ्यासावरून ठरवला होता, बारीक आराखडा आणि भारांचं गणित विमानं आखणाऱ्या बर्ट रुटान यांच्या कंपनीनं केलं. १९७९ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा उडालं, १९८२ पर्यंत ७९ उड्डाणं झाली, आणि पंख थेट ६० अंशांपर्यंत फिरवून पाहिला. ४५ च्या पुढं मात्र ते हाताळायला अवघड व्हायचं. नाक वर केलं की विमान कुशीवरही वळायला लागायचं.

तर माझं काल्पनिक विमान असं. साल १९८४ धरलंय. एडी-१ चे निकाल हातात आहेत, बंगळुरात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा १.२ मीटरचा पवनबोगदा आहे, आणि एक जुना किरण प्रयोगासाठी मोकळा आहे. त्याचे खालचे पंख काढायचे आणि पाठीवर खांब उभा करून एक अखंड पंख बसवायचा. नाव ठेवलंय 'टिटवी'. किरण १०.६ मीटर लांब, म्हणजे माझ्या पट्टीवर २२१ मिमी. पंखाचा पसारा किरणएवढाच ठेवलाय, १०.७ मीटर, म्हणजे २२३ मिमी. खांब नाकापासून १०५ मिमीवर.

नियम एकच लावून घेतलाय. ज्या भागाचं 'का' मला सांगता येत नाही, तो भाग विमानावर लागणार नाही. खऱ्या विमानाची प्रतिकृती करताना फोटो बघून चालतं, तिथं उत्तर आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं. इथं प्रत्येक खिळ्याला मीच जबाबदार.

अडलोय ते चाकांपाशी. किरणच्या मुख्य चाकांचे पाय पंखाला जोडलेले. तो पंखच काढला. आता चाकं कुठं लावू? पोटाच्या दोन्ही बाजूंना फुगीर कप्पे करून आत ओढून घ्यायची म्हटली तर पोटात इंजिनाकडं जाणारा हवेचा मार्ग आहे. जागा नाही. दोनदा कोरून दोनदा भरून काढलंय.

कागदी_विमान

दादा, नाद खुळा! मी उजळाईवाडीत राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक विचारू का, सागवानच का? बाल्सा हलकं असतं ना?

पटाशी

हलकं असतं, पण हे उडवायचं नाही, कपाटात ठेवायचंय. सागवान पावसाळ्यात फार हलत नाही आणि धार धरतं. पंख ४ मिमी जाड आणि २२३ लांब, तो पिळला तर सगळंच गेलं. म्हणून पंख दोन फळ्यांचा केलाय, एकीचे रेषे दुसरीच्या उलट ठेवून चिकटवलेत. एक पिळायला गेली तर दुसरी धरते. पॅटर्नला आम्ही हेच करतो. तू सुरुवात करणार असशील तर पांगारा बघ. सावंतवाडीची खेळणी ज्याची करायचे तेच लाकूड, पटाशीखाली लोण्यासारखं जातं. नाहीतर सरळ ३ मिमी सनबोर्ड घे आणि आधी आडवे छेद कापायला शीक. आकार छेदातून कळतो.

हँगरवाला

तुमचा धागा दोनदा वाचला. मी हवाई दलात एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होतो, आता शिरोळ तालुक्यात शेती बघतो. मिग-२३ वर काही वर्षं काम केलंय. त्याचा पंख १६, ४५ आणि ७२ अंशांवर थांबायचा. हँगरमध्ये जागा कमी पडली की पंख मागं करून विमानं खेटून उभी करायचो.

चाकांचं म्हणाल तर तुम्ही चुकीचा प्रश्न घेऊन बसलाय. चाकं आत ओढायची कशाला? तुमचं विमान शंभर-दोनशे तास उडणार, तेही पंख कसा वागतो ते बघायला. एडी-१ ची चाकंसुद्धा पोटालगत घट्ट बसवलेली होती, आत जात नव्हती. हायड्रॉलिक कमी, वजन कमी, बिघाड कमी. प्रायोगिक विमानात जे तपासायचं नाही ते शक्य तितकं साधं ठेवायचं असतं.

पण मला दुसरीच काळजी वाटते. किरणमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही इजेक्शन सीट, म्हणजे संकटात हँडल ओढलं की वैमानिकाला खुर्चीसकट वर बाहेर फेकणाऱ्या. तुमचा उजवा पंख पुढं येतो. ६० अंशांवर तो उजव्या खुर्चीच्या डोक्यावर येत नाही ना, हे बघितलंय का?

पटाशी

काका, नव्हतं बघितलं.

काल रात्री कागदाचा पंख कापून टाचणीवर फिरवला. खुर्च्या खांबापासून ४० मिमी पुढं, मधल्या रेषेपासून ७-७ मिमी बाजूला. पंखाची रुंदी मधे ३५ मिमी. ६० अंशांवर त्याची आतली कड मधल्या रेषेपासून जेमतेम ३ मिमीवर येते. म्हणजे उजवी खुर्ची पूर्णच पंखाखाली. त्या वैमानिकानं हँडल ओढलं तर थेट पंखावर आदळणार.

लाकडाचं विमान आहे, त्यात कुणी बसणार नाही. तरी रात्री झोप लागली नाही.

चाकांचं मात्र सुटलं. उघडे पाय, पोटाला टेकून. कोरलेले कप्पे कायमचे भरून टाकले.

रंकाळ्यावरचा_वारा

एक शंका. जरा कडू वाटेल, पण विचारतो. उद्या तुम्ही याचा सुंदर फोटो टाकाल. परवा तो व्हॉट्सअॅपवर फिरेल, खाली मजकूर असेल की 'कोल्हापूरच्या सुपुत्राचं गुप्त विमान, जे सरकारनं दाबून टाकलं'. माझ्या घरच्या ग्रुपवर असली दोन-चार येतातच. घाटगेंचं नाव त्यात गोवलं गेलं तर ज्यांनी खरी विमानं केली त्यांच्या नावावर खोटं विमान चढेल. हे तुम्हाला चालेल का? इतके कष्ट घ्यायचेच तर एचटी-२ ची हुबेहूब प्रतिकृती करा की.

पटाशी

कडू नाही वाटलं. बरोबर विचारलंत.

एचटी-२ करणार आहे, लाकूडही काढून ठेवलंय. पण टिटवी आधी करण्याचं कारण सांगतो. प्रतिकृती करताना मी आकार शिकतो. हे करताना विमान का तसं असतं ते शिकतोय. किरणच्या चाकांचे पाय पंखाला का असतात याचा विचार मी तो पंख काढेपर्यंत कधीच केला नव्हता. घाटगेंनी आणि त्यांच्या माणसांनी कागदावर काय काय सोडवलं असेल याचा अंदाज मला या तीन महिन्यांत आला, तो आधी कुठलंही चरित्र वाचून आला नव्हता.

फसवणुकीचं मात्र मनावर घेतलंय. स्टँडवर पितळी पट्टी लावणार, त्यावर 'काल्पनिक' हा शब्द नावाच्या वर आणि नावापेक्षा मोठा. पण फोटोत पट्टी कापली जाऊ शकते. म्हणून पंखाच्या पाठीवरही लिहिणार, जिथं खऱ्या विमानावर क्रमांक असतो तिथं. कुठल्याही बाजूनं फोटो काढा, तो शब्द आलाच पाहिजे. आणि हवाई दलाचं चक्र लावणार नाही. जे विमान त्यांच्याकडं नव्हतं त्यावर त्यांची खूण कशी लावू?

रंकाळ्यावरचा_वारा

चक्राचं ऐकून बरं वाटलं. मग हरकत नाही. करा.

ओझरकर

नाशिकहून लिहितोय. पंखाच्या पुढच्या टोकाचं सगळे बोलताय, मागच्या टोकाकडे कुणी बघितलंच नाही. ६० अंशांवर डावं टोक कुठे जातं? मी तुमच्या आकड्यांवरून काढलं: अर्धा पसारा १११ मिमी, म्हणजे टोक खांबाच्या मागे ९६ मिमी, नाकापासून २०१. विमानच २२१ चं. तुमची आडवी शेपटी कुठे सुरू होते?

पटाशी

नाकापासून १८५ वर. एका बाजूला ४० मिमी.

कागद परत फिरवला. वरून बघितलं की डावा पंख डाव्या शेपटीवर चढतो. उंचीत फरक आहे म्हणून टेकत नाही, पण वरून एकमेकांवर येतात.

ओझरकर

टेकत नाही हा प्रश्नच नाही. पंखामागची ढवळलेली हवा फक्त डाव्या शेपटीवर पडणार, उजवीवर नाही. शेपटीची एक बाजू वेगळी वागणार, दुसरी वेगळी. शिवाय पुढं आलेला पंख उचल घेताना वर वाकतो, वाकला की त्याचा हवेशी कोन वाढतो आणि तो आणखी उचल घेतो. मागचा याच्या उलट. म्हणजे विमान आधीच कुशीवर वळायला बघतंय, त्यात शेपटीही एकांगी. तुम्हीच वर लिहिलंय की ४५ च्या पुढे एडी-१ अवघड व्हायचं. मग १९८४ साली, ते निकाल वाचून, कुठला अभियंता किरणच्या जुन्या शेपटीवर ६० चा हट्ट धरेल?

हँगरवाला

हे योग्य बोलले. ४५ वर कुलूप घाला.

उसाचा_फड

मला यातलं फार कळत नाही, पण वाचताना थांबवत नाही. ६० अंश काढले तर मजा जाणार नाही का? तेच तर बघण्यासारखं होतं. मॉडेल आहे, ठेवा की ६० वर.

पटाशी

भाऊ, मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर ६० अंशांचा तो आकार, लांबट, कात्रीसारखा, त्याच्यासाठीच मी हे विमान निवडलं. कागद दोन दिवस तसाच टाचणीवर ठेवून बघत बसलो.

पण नियम माझाच आहे. ६० चं 'का' मला सांगता येत नाही. एडी-१ ला होतं, कारण ते विमानच त्या प्रश्नासाठी पहिल्यापासून आखलेलं होतं. माझं किरण कापून केलेलं आहे, त्याला उसनं अंग आहे, आणि उसन्या अंगाची मर्यादा पाळावी लागते. प्रायोगिक विमानं बहुतेक अशीच असतात म्हणा. अमेरिकेच्या एक्स-२९ ला एफ-५ चं नाक आणि एफ-१६ ची चाकं. जर्मनांच्या युंकर्स यू-२८७ विमानानं तर कमाल केली होती, त्याचा पंख पुढं झुकलेला, धड हाइंकेल १७७ चं, शेपटी यू-३८८ ची, आणि पुढची चाकं कोसळलेल्या अमेरिकी बी-२४ ची. तिथं जे तपासायचं होतं तो फक्त पंख.

तर ४५ वर कुलूप. खाचा शून्य, १५, ३० आणि ४५ या चारच.

४५ वर पंखाची आतली कड खुर्चीपाशी मधल्या रेषेपासून १५ मिमीवर जाते. काका, आता उजवी खुर्ची मोकळी झाली का?

हँगरवाला

सरळ वर गेली तर मोकळी. पण सीट सरळ वर जात नाही, रूळ मागं झुकलेले असतात, त्यात वारा मागं ढकलतो. १० मिमी मागं गेली तर?

पटाशी

१० मिमी मागं पंखाची कड ५ मिमीवर येते. खुर्ची ७ वर. आदळते.

उजवी खुर्ची काढली. वैमानिक एकटाच, डावीकडं. उजवीकडं नोंदणी यंत्रांच्या पेट्या ठेवतो, माणूस आणि खुर्ची मिळून जेवढं वजन तेवढ्याच, म्हणजे तोल जागचा हलणार नाही. प्रयोगाच्या विमानाला त्या पेट्या कुठंतरी लागणारच होत्या. खांबही ४ मिमी उंच केला, फिरताना पंख काचेच्या मागच्या कोपऱ्यावरून जातो म्हणून.

आता जो कोणी कॉकपिटमध्ये डोकावेल त्याला एकच खुर्ची दिसेल. का विचारलं तर सांगता येईल.

कागदी_विमान

दादा, पंख फिरवायची पिन कशी केली? आणि कॉकपिटची काच?

पटाशी

पिन ४ मिमी पितळेची. शेजारच्या लेथवाल्यानं जेवणाच्या सुट्टीत करून दिली, बुशसकट (पिन जिच्यात फिरते ती नळी). बुश खांबात बसवला, पिन पंखात. खाली स्प्रिंग वॉशर, त्याच्यामुळं पंख जिथं ठेवाल तिथं थांबतो, लोंबत नाही. खाचांसाठी बुशच्या तोंडावर कानशीनं चार बारीक रेघा आणि पंखाखाली एक टाचणीचं डोकं. फिरवताना टक् टक् असं जाणवतं.

काच पाण्याच्या बाटलीची. आधी काचेच्या आकाराचा सागवानी ठोकळा करायचा, अर्धा मिलिमीटर लहान. तो बाटलीत घालून हीट गननं हळूहळू तापवायचं, बाटली आकसून ठोकळ्याला चिकटते. एका जागी गन धरून ठेवलीस तर पांढरी पडेल. माझ्या पाच बाटल्या गेल्या, सहावी जमली. ठोकळ्यावर पटाशीचा ओरखडा असेल तर तो काचेत उमटतो, म्हणून शेवटी १२०० चा वॉटर पेपर मारून मग मेणाचा हात फिरव.

मातीकाम

दादा, मी गंगावेशीकडची. आमच्या घरात तीन पिढ्या गणपतीचं काम चालतं. रंगाचं काय ठरवलंय? आता जुलै आहे, या हवेत लॅकर मारू नका एवढंच सांगायला आले.

पटाशी

ताई, बरं झालं बोललात. पांढरा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायचं ठरवलं होतं, त्यावर केशरी पट्टे. तुकड्यावर मारून बघितला तर वरची चकाकी गेली, भुरकट साय आल्यासारखी. थिनर खराब असेल म्हणून बदलला, तरी तेच.

मातीकाम

थिनरचा दोष नाही. लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तिथं दव धरते. ते पाणी रंगात अडकतं, तीच साय. आमच्याकडं गणपती पावसातच रंगवावे लागतात, थांबता येत नाही. म्हणून आम्ही खोली बंद करून पिवळे बल्ब लावतो आणि मूर्ती आधी ऊबदार होऊ देतो. तुम्हाला घाई नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा. घाई असेल तर लाकडी पेटीत ६० वॅटचा बल्ब लावून विमान दोन तास आत ठेवा, मग एक पातळ हात मारा आणि परत आत.

आणि पांढऱ्याखाली लाकडाचे रेषे दिसतात, ते पावसाळ्यात फुगून वर येतात. सँडिंग सीलरचे तीन-चार हात, प्रत्येकाच्या मधे घासून. माती असो की लाकूड, पांढरा रंग खालचं काही लपवत नाही.

एक विचारते. पत्र्याचे जोड कसे दाखवणार? रेघा कोरणार?

पटाशी

कोरणार नाही. माझ्या बारीकातल्या बारीक सुईनं ०.२ मिमीची रेघ पडते. ४८ नं गुणा, खऱ्या विमानावर जवळजवळ १ सेंटीमीटरची फट झाली. एवढ्या फटी असलेलं विमान कुणी उडवेल का? टोकदार पेन्सिलनं रेघ ओढून वर क्लिअरचा हात देणार.

थांबतो दसऱ्यापर्यंत. तोवर बारीक कामं उरकतो.

हँगरवाला

बारीक कामांत हे धरा. नाकासमोर लांब नळी, हवेचा वेग मोजायला. ती विमानाच्या अंगापासून लांब हवी, तिथली हवा ढवळलेली नसते. शेपटीत गिरकीतून बाहेर काढणाऱ्या पॅराशूटचा डबा. आणि पंखावर लोकरीचे तुकडे. हवा पंखाला धरून वाहते की सुटते ते त्या तुकड्यांवरून डोळ्यानं दिसतं. फार जुनी युक्ती आहे, अजून वापरतात.

पटाशी

नळी इंजेक्शनच्या सुईची केली, टोक घासून बोथट. ३० मिमी.

लोकरीचे तुकडे खरे १५ सेंटीमीटर धरले तर माझ्याकडं ३ मिमी होतात. लोकर त्या मापाला दोरखंड दिसते. आईच्या जुन्या इरकलीच्या पदराचा एक धागा उकलला, त्याचा एक पदर वेगळा काढला, तो बरोबर दिसतो. डाव्या पंखावर ४०, उजव्यावर ४०. चिमट्यानं एकेक, रोज रात्री दहा. आधी कागदावर चिकटवून सराव करतोय, पंखावर रंगानंतर.

उसाचा_फड

इरकलीचा धागा विमानावर! आईंना दाखवलं का?

पटाशी

दाखवलं. भिंगातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, सगळे धागे एकाच दिशेला कशाला, वारा वाकड्या पंखावरून सरळ कसा जाईल? काका, हे खरंच तसं असतं का?

हँगरवाला

असतं. पंख तिरका झाला की त्याला चिकटून जाणारी हवा थोडी मागच्या टोकाच्या बाजूला सरकते. म्हणजे तुमच्या विमानात उजव्या, पुढच्या पंखावर ती विमानाच्या अंगाकडं येईल, आणि डाव्यावर अंगापासून बाहेर टोकाकडं जाईल. माऊलींना माझा नमस्कार सांगा.

पटाशी

सांगितला. तुकडे ४५ अंशांच्या उड्डाणातले धरून चिकटवणार. उजव्यावर आत वळलेले, डाव्यावर बाहेर.

पटाशी

दसरा झाला, पाऊस उघडला. ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणं सीलरचे चार हात, मग ४०० आणि ८००, मग पांढरा. साय नाही, रेषे नाहीत. पंखाच्या पाठीवर काळ्या अक्षरांत 'काल्पनिक', दोन्ही बाजूंनी वाचता येईल असं दोनदा. धागे लावून झाले. उजव्या पंखाच्या टोकावरचे तीन सुटले होते, ते परत लावले. फोटो टाकलेत.

मातीकाम

पांढरा छान बसलाय. नाकाखाली डावीकडं एक थेंब ओघळलाय, वाळला असेल तर १२०० नं अलगद काढा.

रंकाळ्यावरचा_वारा

पाच फोटोंत शब्द दिसतोय. पोटाखालून काढलेल्यात नाही.

पटाशी

खरंय. आज रात्री पोटाखालीही लिहितो. थेंबही काढतो.

गडहिंग्लजकर

हा धागा आजच वाचला. आमच्याकडून हसूरचंपू जवळच आहे. रविवारी येताय का इकडं? पोरांना दाखवू. घाटगे याच भागातले, हे आमच्याही पोरांना ठाऊक नाही.

पटाशी

येतो. एचटी-२ चे छेद कापून झालेत, तेही आणतो, म्हणजे पोरांना खरं विमानही कळेल.

एसटीनं येणार, म्हणून रात्री पेटी शोधत होतो. घरात कोल्हापुरी चपलांचं एक मोठं खोकं सापडलं, आतून १८० मिमी रुंद. पंख शून्यावर ठेवला तर २२३, बसत नाही. ४५ वर फिरवला, टोकं धरून १७० झाला, आणि विमान आत बसलं. काका, तुमच्या हँगरची आठवण झाली.